जीआरईचे शब्द: ओळखीचे वाटतात तेच आधी तपासा

कर्ज सॅन्क्शन झालं, मुलगी फायनलला क्वालिफाय झाली, चोराला अरेस्ट केलं. असं आपण मराठीत रोज बोलतो. परदेशात पदव्युत्तर शिक्षणाच्या प्रवेशासाठी द्यावी लागणाऱ्या जीआरई या परीक्षेच्या शब्दांची तयारी इथूनच सुरू करावी. परीक्षेतल्या उताऱ्यात सॅन्क्शन म्हणजे मंजुरी असेल किंवा नेमकं उलट, निर्बंध. क्वालिफाय म्हणजे केलेल्या विधानाला मर्यादा घालणं, 'अमुक परिस्थितीतच' अशी पुस्ती जोडणं. अरेस्ट म्हणजे चाललेली प्रक्रिया रोखणं, चेक म्हणजे आळा घालणं, फ्लॅग म्हणजे जोर ओसरणं आणि हजबंड म्हणजे पुरवून पुरवून वापरणं. अनोळखी शब्द दिसला की आपण सावध होतो. ओळखीचा दिसला की चुकीचा अर्थ धरून बिनधास्त पुढे जातो. म्हणून पहिला आठवडा अशा साठ-सत्तर साध्या शब्दांच्या दुसऱ्या अर्थांना द्या.

विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे प्रश्न २०११ साली परीक्षेतून गेले. जुन्या तीन-साडेतीन हजार शब्दांच्या याद्या अजूनही हातोहात फिरतात, पण सुटा शब्द समोर ठेवून अर्थ विचारण्याची पद्धत आता उरलेली नाही. सप्टेंबर २०२३पासूनच्या छोट्या परीक्षेत व्हर्बलचे, म्हणजे इंग्रजी भाषेच्या प्रश्नांचे, दोन भाग आहेत: १२ प्रश्नांना १८ मिनिटं आणि १५ प्रश्नांना २३ मिनिटं. साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवरचे, बाकीचे गाळलेल्या जागांचे. तीन जागा असतील तर तिन्ही बरोबर आल्या तरच गुण. सेंटेन्स इक्विव्हॅलन्स या प्रकारात एकाच रिकाम्या जागेसाठी सहा पर्यायांतून वाक्याला सारखाच अर्थ देणारे दोन निवडायचे, आणि तिथेही अर्धे गुण नाहीत. चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नका.

अशा प्रश्नांत शब्दाचा ढोबळ अर्थ पुरत नाही, त्याची छटा लागते. इथे मराठी फार कामाला येते, फक्त नेमका मराठी शब्द शोधायचा आळस नको. फ्रूगल म्हणजे काटकसरी आणि पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू. दोघेही पैसे जपतात, पण एक शब्द कौतुकाचा आणि दुसरा नाव ठेवण्याचा. लॅकॉनिक म्हणजे मोजकंच बोलणारा, टॅसिटर्न म्हणजे घुमा. गॅर्युलस म्हणजे बडबड्या, ऑब्सिक्वियस म्हणजे लाळघोट्या. एक्झॅसर्बेट म्हणजे चिघळवणं, मिटिगेट म्हणजे तीव्रता कमी करणं, अ‍ॅमेलिओरेट म्हणजे आहे त्यात सुधारणा घडवणं. शब्दकोशातून 'कमी बोलणारा' एवढंच उतरवून घेतलं, तर परीक्षेत दोन पर्याय सारखेच दिसतात आणि हात अडतो.

कार्डाच्या एका बाजूला शब्द लिहा. मागे नेमका मराठी अर्थ, कौतुक की टीका हे दाखवणारी अधिक-उण्याची खूण आणि एक पूर्ण इंग्रजी वाक्य. शब्द एकेकटे न घेता गटाने घ्या: बोलण्याचे सात-आठ, पैशाचे सात-आठ, भांडण मिटवण्याचे आणि पेटवण्याचे.

धातूंवरून अर्थ ओळखण्याची युक्ती उपयोगी आहे, पण अर्धवट. 'लॉक' (loqu) म्हणजे बोलणं हे कळलं की लोक्वेशस, एलोक्वंट, सर्कमलोक्यूशन एकत्र लागतात. मात्र एनर्व्हेट म्हणजे शक्ती देणं नव्हे, शक्ती काढून घेणं. नॉइसमचा आवाजाशी संबंध नाही, तो शब्द दुर्गंधीचा. रेस्टिव्ह माणूस शांत नसतो, चुळबुळत असतो. डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती. असे फसवे शब्द वहीच्या शेवटच्या पानावर वेगळे ठेवा.

रोज १६ नवे शब्द, आठवड्याचे ६ दिवस, १० आठवडे: ९६० शब्द. एवढे बहुतेकांना पुरतात. शिकलेला शब्द १, ३, ७, १४ आणि ३० दिवसांनी पुन्हा समोर आला पाहिजे. म्हणजे महिनाभरानंतर उजळणीला रोज सुमारे ८० कार्डं येतात. प्रत्येकी दहा सेकंद धरले तर तेरा-चौदा मिनिटांचं काम. उत्साहाच्या भरात रोज ४० शब्द घेतले की तीच उजळणी २०० कार्डांवर जाते, वर विसरलेले शब्द पुन्हा पहिल्या दिवसावर येतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सगळं तुंबतं, मग उजळणी सोडून फक्त नवे शब्द घेतले जातात आणि जुने निसटतात. तयारी कोलमडते ती बहुतेक वेळा इथेच.

प्रश्न सोडवताना पर्याय हाताने झाका. वाक्यातला ऑल्दो, डिस्पाइट, फार फ्रॉम किंवा अपूर्णविराम पकडा आणि रिकाम्या जागेत स्वतःचा शब्द ठेवा, मराठीही चालेल. मगच हात काढा. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये दोन सापळे हमखास असतात: वाक्यात चपखल बसणारा पण जोडीदार नसलेला शब्द, आणि एकमेकांचे समानार्थी असूनही वाक्यात न बसणारे दोन. आधी वाक्य, मग जोडी, हा क्रम उलटवू नका.

प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा: शब्द माहीत नव्हता, छटा चुकली, की वाक्यच नीट कळलं नाही. तिसरं कारण वारंवार येऊ लागलं तर कार्डं निम्मी करा आणि तो वेळ विज्ञान, इतिहास, कला यांवरचे लांबलचक इंग्रजी लेख वाचण्यात घाला. जीआरई घेणाऱ्या संस्थेच्याच पॉवरप्रेपच्या दोन मोफत सराव परीक्षांपैकी एक सहाव्या आठवड्यात द्या, दुसरी परीक्षेआधी दहा-बारा दिवस. शेवटच्या सात दिवसांत नवा शब्द घेऊ नका. फसव्या शब्दांचं पान आणि पहिल्या आठवड्यातले साठ-सत्तर शब्द रोज एकदा डोळ्यांखालून घाला.