जर्मन नामं, लिंग आणि विभक्ती: मराठीची मदत कुठे होते, कुठे नाही

तो चमचा, तो काटा, ती सुरी. हे आपण कधी पाठ केलेलं नसतं, लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. जर्मनमध्ये चमचा 'डेर ल्योफल' म्हणजे पुल्लिंगी, काटा 'डी गाबल' म्हणजे स्त्रीलिंगी आणि सुरी 'डास मेसर' म्हणजे नपुंसकलिंगी. एका ताटाजवळच्या तीन वस्तू, तिन्हींची लिंगं वेगळी. तेव्हा मराठीतलं लिंग जर्मनला लावायला जाऊ नका. तीन लिंगं असतात ही कल्पना आपल्याला नवी नाही, एवढाच इथे फायदा.

अर्थावर विसंबूनही चालत नाही. मुलगी म्हणजे 'डास मेडशन', चक्क नपुंसकलिंगी. कारण शब्दाच्या शेवटी '-शन' हा लहानपण दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपल्याकडेही 'ते लेकरू' म्हणतातच. शब्दाच्या शेवटाकडे लक्ष द्यायची सवय लागली की पुष्कळ पाठांतर वाचतं. '-उंग', '-हाइट', '-काइट', '-शाफ्ट', '-त्सिओन' असे शेवट असलेली नामं स्त्रीलिंगी. '-लिंग' आणि '-इस्मुस' पुल्लिंगी. वार, महिने आणि ऋतूंची नावंही पुल्लिंगी. लिहिताना '-ए'ने संपणारे (उच्चारात हलकं 'अं') बरेच शब्द स्त्रीलिंगी असतात, पण 'डेर नामं' (नाव) आणि 'डास आउगं' (डोळा) हे रोजचे शब्द त्यात बसत नाहीत, ते वेगळे लक्षात ठेवा. जोडशब्दाचं लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं: 'डास हाउस' आणि 'डी ट्यूर' मिळून 'डी हाउसट्यूर', घराचं दार.

बाकीच्या शब्दांना इलाज एकच. वहीत नुसतं 'टिश' (टेबल) लिहू नका, 'डेर टिश, डी टिशं' असं आर्टिकल (नामाआधीचं डेर, डी किंवा डास) आणि अनेकवचनासकट लिहा आणि तसंच मोठ्याने म्हणा. अनेकवचनाचे प्रकार बरेच आहेत: बूखचं (पुस्तक) ब्यूशर, लांपंचं (दिवा) लांपन, आउटोचं (गाडी) आउटोस, आणि लेररचं (शिक्षक) लेररच. नंतर स्वतंत्रपणे पाठ करू म्हटलं तर दुप्पट वेळ जातो.

आता विभक्ती. मराठीत घोडा, घोड्याला, घोड्याचा असं नामच बदलतं. जर्मनमध्ये नाम बहुतेक वेळा तसंच राहतं, बदलतं ते त्याच्या आधीचं आर्टिकल. नॉमिनाटिव्ह (कर्त्याची विभक्ती), आकुझाटिव्ह (थेट कर्माची), डाटिव्ह (ज्याला काही द्यायचं त्याची) आणि गेनिटिव्ह (मालकीची, आपला 'चा-ची-चे') या क्रमाने पुल्लिंगी डेर-डेन-डेम-डेस, स्त्रीलिंगी डी-डी-डेर-डेर, नपुंसकलिंगी डास-डास-डेम-डेस आणि अनेकवचनी डी-डी-डेन-डेर. नीट पाहिलं तर आकुझाटिव्हमध्ये फक्त पुल्लिंगी आर्टिकल बदलतं. सुरुवातीला तेवढं एक 'डेन' पक्कं करा.

हे वाक्य घ्या: 'डेर मान गिब्ट डेर फ्राउ डेन श्ल्युसल.' माणूस बाईला किल्ली देतो. यात 'डेर' दोनदा आलं आहे. पहिलं पुल्लिंगी कर्त्याचं, दुसरं स्त्रीलिंगी डाटिव्हचं, म्हणजे आपल्या 'बाईला'मधला 'ला'. नवे विद्यार्थी 'डेर फ्राउ' पाहून फ्राउ पुल्लिंगी झाली की काय असं समजतात. आर्टिकल एकटं कधीच वाचू नका, नामाचं मूळ लिंग माहीत असेल तरच विभक्ती कळते.

डाटिव्ह आपल्याला खरं तर सोपा जायला हवा. 'डास बूख गेफेल्ट मीर' म्हणजे शब्दशः 'पुस्तक मला आवडतं'. 'मीर इस्ट काल्ट' म्हणजे 'मला थंडी वाजते'. ही 'मला'ची रचना आपल्या तोंडात बसलेली आहे. अडचण इंग्रजीतून विचार करण्याने होते. 'आय ॲम कोल्ड'वरून 'इश बिन काल्ट' म्हटलं तर 'मी थंड, भावनाशून्य माणूस आहे' असा अर्थ निघू शकतो. वाक्य मनात मराठीतच जुळवा, असा आमचा आग्रह आहे.

पण 'ला' फसवतोही. 'मी त्याला मदत करतो' आणि 'मी त्याला विचारतो', मराठीत दोन्हीकडे 'त्याला'. जर्मनमध्ये मदतीला डाटिव्ह, 'इश हेल्फं ईम', आणि विचारायला आकुझाटिव्ह, 'इश फ्रागं ईन'. म्हणून हेल्फन (मदत करणं), डांकन (आभार मानणं), गेफालन (आवडणं), गेह्योरन (मालकीचं असणं), आंटवोर्टन (उत्तर देणं) ही डाटिव्ह घेणारी क्रियापदं वेगळ्या पानावर लिहून ठेवा.

आता नामाआधी येणारे, आपल्या 'ने', 'साठी', 'वर'सारखं काम करणारे छोटे शब्द. 'मिट', 'बाय', 'फॉन', 'त्सू', 'आउस', 'नाख', 'झाइट' यांच्यानंतर नेहमी डाटिव्ह: 'मिट डेम बुस' (बसने). 'फ्यूर', 'ओनं', 'दुर्श', 'गेगन', 'उम' यांच्यानंतर आकुझाटिव्ह. खरी कसोटी 'इन' (आत), 'आउफ' (वर), 'उंटर' (खाली) यांसारख्या नऊ शब्दांची, कारण ते दोन्ही घेतात. पुस्तक टेबलावर ठेवताना 'आउफ डेन टिश', ते टेबलावर पडलेलं असताना 'आउफ डेम टिश'. मराठीत दोन्हीकडे 'टेबलावर', आणि प्रश्नही एकच, 'कुठे?'. जर्मनमध्ये प्रश्न दोन: 'वो' (कुठे आहे) आणि 'वोहिन' (कुठे जातंय). 'हालचाल असेल तर आकुझाटिव्ह' हा ऐकीव नियम अर्धवट आहे. स्वयंपाकघरात नाचणाऱ्याची हालचाल भरपूर, तरी 'इन डेर क्युशं', कारण तो आहे तिथेच आहे. बाहेरून आत गेला तर 'इन डी क्युशं'. एका जागेतून दुसऱ्या जागेत पोचणं आहे का, एवढंच पाहा.

गेनिटिव्हची सुरुवातीला घाई नको. बोलताना 'फॉन' आणि डाटिव्हने काम भागतं: 'डास आउटो फॉन माइनम फाटर', माझ्या वडिलांची गाडी.

लिहिलेलं तपासताना लिंगाची चूक आणि विभक्तीची चूक वेगवेगळ्या रंगांनी खुणा करा. 'मिट डास बुस' लिहिलं असेल तर दोन्ही चुकलं, 'मिट डेर बुस' लिहिलं तर बुसचं लिंग बरोबर आठवलं पण 'मिट'चा डाटिव्ह राहून गेला, किंवा बुस स्त्रीलिंगी धरला. कोणतं झालं ते स्वतःला विचारा, कारण पहिल्यावर उपाय 'मिट'ची वाक्यं रोज लिहिणं हा आहे आणि दुसऱ्यावर वहीतलं 'डेर बुस, डी बुसं' पुन्हा मोठ्याने म्हणणं.