ओठ उचलून बघा

माझी पशुधन पर्यवेक्षकाची सगळी नोकरी सिंधुदुर्गात झाली. निवृत्त झालो, तरी वाडीत मी अजून 'गुरांचा डॉक्टर'. डॉक्टर नाही हो मी, डॉक्टरच्या हाताखाली काम केलेला माणूस. पण फोन येतात आणि हल्ली ते गुरांपेक्षा कुत्र्या-मांजरांचे जास्त असतात. "काका, कुत्रो जेवणा नाय." मी आधी एवढंच विचारतो, ओठ उचलून बघितलंस?

वरचा ओठ उचला आणि दातांवरची हिरडी बघा. बोटाने दाबून सोडा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात. तसं असेल तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. हे जनावर धडधाकट असतानाच दोन-चार वेळा करून ठेवा. नेहमीचा रंग ठाऊक नसेल तर बिघडलेला कसा कळणार? सोबत एक थर्मामीटर वेगळा ठेवा, तो गुदद्वारात लावायचा. कुत्र्या-मांजरांचा ताप आपल्यासारखा ९८ नसतो. १०१ ते १०२.५ त्यांना साधारण, १०३च्या वर गेला की ताप.

हिरडी पांढरट दिसली की कोकणात माझा पहिला संशय गोचिडांवर. गोचिडांतून येणारे ताप दोन प्रकारचे बघायला मिळतात. एकात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात. मग नाकातून रक्त येतं, पोटाच्या उघड्या कातडीवर लाल ठिपके दिसतात. दुसऱ्यात तांबड्या पेशीच फुटतात, कुत्रा धापा टाकतो आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून रक्त तपासल्याशिवाय मेडिकलमधून गोळ्या आणू नका. पहिल्या प्रकारात डॉक्टर बहुधा चार आठवड्यांचा कोर्स देतात. चार दिवसांत कुत्रा भाकरी खायला लागतो आणि घरचे गोळ्या बंद करतात. ताप परत येतो, तो या घाईमुळे.

गोचीड काढायची ती चिमट्याने, कातडीलगत धरून सरळ ओढून. रॉकेल, तंबाखूचं पाणी, जळती काडी यातलं काही नको. पण अंगावरच्या गोचिडी काढून काम संपत नाही. कुत्र्याची गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली पडते, भिंत चढते आणि फटीत शिरून हजारांनी अंडी घालते. आता आपली घरं बघा. जांभ्याचा चिरा म्हणजे नुसती भोकंच भोकं. गिलावा नसलेली पडवी, मांगर, खळ्याचा गडगा, सगळीकडे त्यांना जागा. उपाशीपोटी महिनोन् महिने तिथे त्या दबा धरून राहतात. म्हणून कुत्रा झोपतो त्या बाजूची भिंत निदान कमरेच्या वरपर्यंत गिलावा करून चुन्याने सारवा, त्याची गोणपाटं उकळत्या पाण्यात टाका आणि कुत्र्याला डॉक्टरला विचारून गोचिडाची खायची गोळी सुरू करा. या गोळ्या वजनावर असतात. काही महिनाभर पुरतात, काही तीन महिने. झटके येणारा कुत्रा असेल तर आधी तसं सांगा. वजनासाठी कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि मग स्वतःचं वजा करा.

दोडामार्गाकडे २०१६ साली माकडतापाची साथ आली, तेव्हा गोचीड म्हटल्यावर लोकांनी घरचे कुत्रे सोडून दिले होते. माकडताप मुख्यतः पसरवते ती रानातली वेगळी गोचीड. कुत्रा हाकलल्याने रान थोडंच लांब जातं?

हिरडी पिवळी, तर कावीळ. पावसात भाताच्या कोपऱ्यांत, उंदरांच्या मुताच्या पाण्यात कुत्रे हुंदडतात, त्यांना लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस होतो. अशा कुत्र्याची लघवी उघड्या हाताने साफ करू नका, तो माणसालाही होतो. दर वर्षीच्या लसीत लेप्टोची लस आहे ना, हे विचारून घ्या.

हिरडीतून रक्त झिरपतंय आणि तोंड किंवा पुढचा पाय सुजलाय, तर साप. आपल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, फुरसं भरपूर, शिवाय घोणस. कुत्रा हुंगायला जातो, म्हणून दंश नाकाडावर किंवा पुढच्या पायावर. मण्याराचं मात्र उलट. सूज नाही, रक्त नाही, कुत्रा नुसता लुळा पडत जातो. बांधू नका, कापू नका, मांत्रिकाकडे नेण्यात अर्धा तास घालवू नका. कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून सापाची लस आहे का ते विचारा. ती माणसांचीच असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं अशा चौघांवर एकच. डॉक्टर थोडं रक्त काचेच्या नळीत वीस मिनिटं न हलवता ठेवतील. ते गोठलं नाही, तर घोणस-फुरशाचं विष भिनलंय असं धरतात. तेव्हा "वेळ काढतायत" म्हणून ओरडू नका.

मांजराची हिरडी तपकिरी किंवा निळसर दिसली, तोंड सुजलं, तर घरात कोणी पॅरासिटामॉल दिली का ते विचारा. "मुलाला देतो त्याच्या पाव भाग दिली" असं उत्तर मी ऐकलेलं आहे. मांजराला तो पाव भागही मारू शकतो. दुसरा घरगुती घात म्हणजे गुरांच्या गोचिडांचं औषध. गोठ्यात फवारून उरलेलं मांजरावर शिंपडतात. त्यातली पुष्कळ औषधं मांजराला पचवता येत नाहीत, ते थरथरायला लागतं, झटके येतात. कुत्र्यासाठी मिळणारे मानेवर टाकायचे थेंबही मांजराला नकोत.

आता ओठ उचलायचा नाही ती वेळ. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही, आवाज बदललाय. घरचे म्हणतात, घशात हाडूक अडकलंय, आणि हात घालतात. पिसाळलेला प्रत्येक कुत्रा चावत सुटत नाही, काही असे गप्प पडतात. हात घालू नका, खोलीत कोंडा आणि दवाखान्याला कळवा. चावला, ओरबाडलं किंवा लाळ जखमेला लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. हळद-चुना भरू नका. कुत्र्याला स्वतःची लस तिसऱ्या महिन्यात, मग वर्षाने, पुढे डॉक्टर सांगतील तशी.

काही गोष्टी हिरडी सांगत नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाल्यावर किनाऱ्यावर केंड हा विषारी मासा टाकून देतात. कुत्र्याने तो खाल्ला की ओकतो, मागचे पाय लटपटतात, मग श्वासच अडतो. त्यावर उतारा नाही, श्वास टिकवणं एवढंच हातात असतं. रापणीच्या वेळी कुत्रा बांधूनच ठेवा. मे महिन्यात आंब्याचा बाठा गिळतात. तो आतड्यात अडकला की पाणीसुद्धा उलटून पडतं, आणि अशा वेळी एरंडेल पाजणं धोक्याचं. बोका मुतायला बसतोय, कळ काढतोय आणि थेंब येत नाही, तर ते बद्धकोष्ठ समजू नका. मूत्रमार्ग बंद झालाय, सकाळची वाट बघू नका. आणि मांजराला रोज नुसती कच्ची मासळी घालू नका. काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नासवणारं द्रव्य असतं, मान खाली वळते, चाल बिघडते. उकडून घाला.

खोडींबद्दल थोडं. आंब्याच्या बागेत वानर हाकायला ठेवलेला कुत्रा दिवसभर साखळीला असतो आणि मग रात्रभर भुंकतो, वाटेवरच्या माणसावर धावतो. त्याला मारून काही होत नाही. सकाळ-संध्याकाळ दोरीने पाणंदीतून फिरवा, वास घेऊ द्या. कोंबड्या धरणाऱ्याच्या गळ्यात मेलेली कोंबडी बांधण्याची पद्धत आहे, ती सोडा. कुत्रा त्यातून काही शिकत नाही आणि कोंबडीला किडे मात्र पडतात. खुराडं जाळीचं करा. चतुर्थीत फटाक्यांना घाबरतो त्याला आधीच आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा चालू करून ठेवा. अंगात दुखत असतानाही जनावर वागणं बदलतं. शांत कुत्रा अचानक गुरगुरायला लागला तर कान हुंगा, दात बघा. नेहमीची जागा सोडून मांजर गादीवर मुतायला लागलं, तर आधी लघवी तपासा, मग रागवा.

दवाखान्यात नेताना दुखणारा कुत्रा मालकालाही चावतो. जुन्या सुती साडीची लांब पट्टी घ्या, नाकाडावरून गाठ, हनुवटीखाली दुसरी, कानामागे तिसरी. ओकत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधू नका. मांजराला उशीच्या अभ्र्यात घालून, अभ्र्याचं तोंड बांधून न्या, मोटारसायकलवर मांडीवर नको. ओकलेलं, खाल्लेल्या गोळीची पट्टी, जे असेल ते पिशवीत घेऊन जा. साप मारलात तर त्याला हात लावू नका, मोबाइलवर फोटो पुरे.