इंटरव्ह्यूच्या आधी फोन नाही, मेल करा

मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. सहा वर्षांची असताना मेंदूज्वर झाला, त्यातून वाचले पण कान गेले. उजव्या कानाला मशीन लावते, त्याने आवाज होतोय एवढं कळतं, शब्द कळत नाहीत, शब्द मी ओठांवरून वाचते. बोलते मी, मराठी घरची म्हणून बरी, हिंदी जरा जड जिभेने, आणि नवीन माणसाला माझं बोलणं कळायला दोन-चार मिनिटं जातात. इंदूरला रामबागेत वाढले, बी.कॉम. केलं, टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर आणि जीएसटी शिकले, आणि मग पावणेदोन वर्षं नुसते नकार. आता काही वर्षं झाली, देवास नाक्याला एका ट्रान्सपोर्टवाल्यांकडे अकाउंट्स बघते. ज्यांचे कान माझ्यासारखे आहेत आणि जे आत्ता अर्ज करत सुटलेत त्यांच्यासाठी लिहितेय. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, ऑडिओग्राम म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, मेडिकल बोर्डाच्या चकरा हे सगळं तुमचं करून झालं असणार, ते परत सांगत बसत नाही.

जो इंटरव्ह्यू मला अजून झोपेत दिसतो तो आधी सांगते. २०१८ चा पावसाळा, विजयनगरमधली एक कंपनी, अकाउंट्स असिस्टंटची जागा. एचआरचा फोन आला तो बाबांनी घेतला, आमच्याकडे सगळे फोन बाबाच घ्यायचे. बाबा म्हणाले, "बेटी को सुनाई नहीं देता, सवाल लिखकर पूछ लीजिएगा." पलीकडून "हाँ हाँ, कोई दिक्कत नहीं, भेज दीजिए." बाबा फोन ठेवून माझ्याकडे बघून हसले, आईने देवापुढे साखर ठेवली.

आत गेले तर तिघं बसलेले. मधल्या साहेबांच्या मागे मोठी खिडकी, त्यामुळे त्यांचा चेहरा अंधारात, ओठ दिसेचनात. डावीकडचे फाईलमध्ये बघत बोलत होते. एसीची घरघर मशीनमधून सरळ डोक्यात. मी म्हटलं लिहून विचाराल का, तर त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, त्यांना कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. उजवीकडच्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, वेळ नाही. मग मी तेच केलं जे आपण सगळे लहानपणापासून करतो, मान हलवत राहिले आणि अंदाजाने उत्तरं दिली.

एक प्रश्न मला कळला, निदान मला वाटलं की कळला. "मिल का काम किया है?" मी सांगितलं, मैंने नहीं, मेरे दादाजी ने किया है, हुकुमचंद मिल में थे. तिघं हसले. घरी येऊन रात्री अंथरुणात लक्षात आलं, त्यांनी विचारलं होतं "बिल का काम किया है?" आणि बिलं तर मी एका सीएकडे वर्षभर रोज चढवली होती! प, ब, भ, म या सगळ्यांना ओठ सारखेच मिटतात, आरशासमोर पान, बाण, मान म्हणून बघा, काही फरक दिसत नाही. क आणि ग तर घशातले, ते ओठांवर उमटतच नाहीत. मधल्या गाळलेल्या जागा आपलं डोकं भरतं, आणि डोक्यात जे आधीपासून असेल तेच भरतं. आमच्या घरात मिल हा शब्द कायम हवेत, इंदूरची ती कापडाची मिल १९९१ ला बंद पडली आणि कामगारांचे थकलेले पैसे वाटले गेले ते डिसेंबर २०२३ ला, आजोबा तोवर राहिले नव्हते. तर मला बिलाच्या जागी मिलच दिसणार होती. यात माझ्या अकाउंट्सच्या ज्ञानाचा काय संबंध होता सांगा.

दोन दिवसांनी परत बाबांनाच फोन. "कम्युनिकेशन थोड़ा वीक है."

आता खड्डा कुठे होता ते नीट सांगते, कारण यातच मी पडले आणि माझ्या ओळखीतले निदान चार जण पडलेत. बाबांच्या ओळखीचे एक वकीलकाका होते, त्यांच्याकडे गेलो, सगळं सांगितलं. त्यांनी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून माझ्यापुढे सरकवलं, "लेखी काय आहे?" काहीच नव्हतं. जाहिरात नेटवरून निघून गेलेली, सोय मागितली ती फोनवर, हो म्हणाले ते फोनवर, नकारसुद्धा फोनवर. बाबांच्या मोबाईलमध्ये चार मिनिटांचा कॉल दिसत होता, पण बोलणं झालं एवढंच त्यावरून कळतं, काय बोलणं झालं ते नाही. कंपनीला विचारलं असतं तर ते म्हणाले असते, आम्हाला कोणी कळवलंच नाही, आणि आमच्याकडे दाखवायला बाबांचा शब्द. ऐकू न येणाऱ्या मुलीचं सगळं प्रकरण फोनवर झालेलं, आणि त्यातला एक शब्दही मी स्वतः ऐकलेला नाही. हे लिहिताना आत्ताही हात थांबतो.

काकांनीच मग कायदा दाखवला. दिव्यांगजन अधिकार अधिनियम २०१६, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला, म्हणजे माझ्या इंटरव्ह्यूच्या वेळी तो होता. त्यात भेदभाव म्हणजे काय याची व्याख्या दिलीय, आणि वाजवी सोय नाकारणं हासुद्धा भेदभावच, असं त्या व्याख्येतच आहे. म्हणजे "तू बहिरी म्हणून नको" असं तोंडावर कोणी म्हणायची गरज नाही, मागितलेली साधी सोय कारण नसताना नाकारली तरी मुद्दा उभा राहतो. पण सोय मागितली होती हे आधी दाखवता आलं पाहिजे! सगळं तिथे येऊन अडतं.

म्हणून मेल. इंटरव्ह्यूची तारीख कळली की त्याच दिवशी, स्वतःच्या आयडीवरून, आईबाबांच्या नाही. छोटा ठेवा. मला ऐकू येत नाही, फोनवर बोलता येत नाही, मेल किंवा व्हॉट्सॲप करा. मग काय हवं ते अगदी नेमकं, नुसतं "सहकार्य करावे" नको, त्याचा अर्थ कोणीच काही लावत नाही. लिहा की प्रश्न लॅपटॉपवर टाइप करून दाखवावेत किंवा मी मोबाईलवर बोलणं लिहून दाखवणारं ॲप समोर ठेवेन, एका वेळी एकाच माणसाने बोलावं, आणि बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड असावा. शेवटी एक ओळ विचारा, याची व्यवस्था कोण बघेल ते कृपया कळवा. ही ओळ सोडू नका, कारण तिला उत्तर द्यावं लागतं आणि उत्तरात माणसाचं नाव येतं. उत्तर नाही आलं तर आदल्या दिवशी तोच मेल परत पाठवा, खाली जुना राहू द्या.

आणि समजा घरच्यांनी फोन घेतलाच, घेतातच, तर तो ठेवल्या ठेवल्या दहा मिनिटांत मेल टाका, "आत्ता माझ्या वडिलांचं तुमच्याशी बोलणं झालं, त्यात प्रश्न लिहून विचारायचं ठरलं, काही चुकत असेल तर कळवा." बस, एवढ्याने तोंडी झालेलं लेखी होतं. इंटरव्ह्यू झाला की त्याच संध्याकाळी अजून एक, आभार माना आणि सोय मिळाली की नाही ते साध्या शब्दांत लिहा, चिडून नाही. नकार फोनवर आला तर कारण मेलवर मागा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट अर्ज करतानाच काढून ठेवा, नंतर ती गायब होते. मी हे सगळं एका फोल्डरमध्ये तारखेने ठेवते, अजूनही.

सरकारी जागांचं थोडक्यात सांगते कारण त्याची माहिती सगळीकडे मिळते. केंद्राच्या कायद्याने एकूण ४ टक्के आरक्षण, त्यातलं १ टक्का बधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांचं. दोन्ही कानांत ऐकण्याची घट ७० डेसिबल किंवा जास्त असेल तर बधिर, ६० ते ७० असेल तर कमी ऐकू येणारे, तुमचा ऑडिओग्राम बघून फॉर्मवर बरोबर खूण करा. सरकारी कार्यालयात तक्रार अधिकारी नेमलेला असायला हवा आणि तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत करायची असते.

खासगीत असं आरक्षण नाही, असेल या भ्रमात राहू नका. पण २० किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपनीने समान संधीचं धोरण जाहीर करायचं असतं, दिव्यांगांना कोणती पदं योग्य आणि कोणत्या सोयी देणार हे त्यात लिहायचं असतं. मी आता पहिल्याच मेलमध्ये नम्रपणे ते धोरण मागा असं सांगते. पुष्कळांकडे नसतं, पण मागितलं की समोरचा जरा सावरून बसतो. तक्रार राज्याच्या आयुक्तांकडे करता येते, आपले भोपाळला. तिथून चौकशी होते, कंपनीला उत्तर द्यावं लागतं, पण हातात नोकरीचं पत्र येईल असं समजून जाऊ नका. मी सांगतेय म्हणून तुटून जाऊ नका, पण खोटी आशाही मी देणार नाही.

आणि प्रत्येक नकार भेदभाव नसतो. मला वाईट वाटतं लिहायला, पण माझे पहिले तीन-चार नकार बरोबर होते. टीडीएसमध्ये, म्हणजे पैसे देताना कापायच्या करात, कंत्राटदारांचं कलम १९४सी आणि व्यावसायिक फीचं १९४जे कुठे लावायचं हे मला धड माहीत नव्हतं, टेस्टमध्ये बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेचा हिशोब वहीशी लावणं, जुळलं नव्हतं. शंका तेव्हा घ्या जेव्हा लेखी टेस्ट चांगली गेली, कान कळेपर्यंत सगळं गोड होतं आणि कळल्यावर चेहरा बदलला, किंवा दर वेळी कारण वेगळं येतंय, किंवा दिवसभर स्क्रीनसमोर बसायच्या कामाला कम्युनिकेशन वीक म्हणतायत. शंका आली की आधी दोन दिवस जाऊ द्या, मग फोल्डर उघडा.

काही लोकांपासून लांब राहा. आधी पैसे मागणारे प्लेसमेंटवाले, "दिव्यांग कोटा फिक्स" म्हणणारे तर अजिबात नको. केसांखाली मशीन लपव असं सांगणारे. मला एका ताईंनी तसं सांगितलं होतं, मी केस मोकळे सोडून गेले आणि पूर्ण वेळ केस उडू नयेत याच काळजीत. आणि ते हसतमुख राहा, सकारात्मक राहा सांगणारे सर, त्यांचा मला काडीचा उपयोग झाला नाही. माझे खरे गुरू आमच्या गल्लीतले एक रिटायर्ड अकाउंटंट आजोबा. ते पाटीवर खडूने प्रश्न लिहायचे, मी टॅलीत एंट्री करायची, चुकली की पाटी पुसून तोच प्रश्न परत. जो तुमचा मेल वाचून लाल पेनाने खुणा करून देतो तो गुरू, बाकीचे ओळखीचे.

खुणांची भाषा लवकर शिका. घरचे नको म्हणतात, आमच्याकडेही म्हणत, बोलणं सुटेल म्हणून. मी बाविसाव्या वर्षी शिकले, बोलणं सुटलं नाही, उलट पहिल्यांदा न थकता कोणाशी तरी तासभर बोलता आलं. २०२३ ला सुप्रीम कोर्टात एका बधिर वकील मुलीने दुभाष्यामार्फत खुणांनी बाजू मांडली. तिथे चालतं तर अकाउंट्सच्या टेबलावर का नाही चालणार? आणि कोणी मूकबधिर म्हटलं, इंदुरात तर लगेच "वो पाकिस्तान से आई गीता जैसी?" असं विचारतात, तिथून परत आलेली ती मूकबधिर मुलगी, तर चिडू नका, मी बधिर आहे, मूक नाही, एवढं सांगून पुढे जा.

आत्ताची नोकरी अशी लागली. मेल केला, दुसऱ्या दिवशी मालकांच्या मुलाचं एका ओळीचं उत्तर, प्रश्न टाइप करू, माझ्या केबिनमध्ये बसू. त्याने खरंच एक्सेल उघडून ए कॉलममध्ये प्रश्न टाइप केले, मी बी कॉलममध्ये उत्तरं. मग जीएसटीआर-२ए, म्हणजे विकणाऱ्यांनी जीएसटीत भरलेल्या बिलांची यादी, आणि खरेदीचं रजिस्टर दिलं, जुळव म्हणाला. सात बिलं जुळत नव्हती, त्यातल्या पाचांमध्ये पार्टीने जीएसटी नंबर चुकवलेला, दोन पुढच्या महिन्यात गेलेली. पाऊण तास लागला. बाबा बाहेर बाकावर बसले होते, आत यायचं नाही असं मीच सांगितलं होतं, आणि त्यांना ते जड गेलं हे मला दिसत होतं.

रोजचं सगळं सोपं आहे असं नाही. ड्रायव्हर लोक भाड्याच्या हिशोबाला येतात तेव्हा तोंडात गुटखा, ओठ वाचता येत नाहीत, मी वही पुढे करते. मीटिंगमध्ये अजून अर्धं सुटतं. पण महिन्याच्या २० तारखेच्या आधी जीएसटीचं रिटर्न माझ्याच हातून जातं.

जाताना एक छोटी गोष्ट. बोलणं लिहून दाखवणारं गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब २०१९ ला आलं, माझ्या त्या इंटरव्ह्यूच्या वेळी नव्हतं. ते हिंदी-मराठी दोन्ही लिहितं, पण घरीच लावून बघा, कारण एसीच्या आवाजात आणि दोघं एकदम बोलले की ते गडबडतं. मोबाईल पूर्ण चार्ज ठेवा, बोलणाऱ्याच्या जवळ ठेवा. आणि मशीनचे सेल त्याच सकाळी बदला. नव्या सेलचं स्टिकर काढून पाचेक मिनिटं तो उघडा हवेत ठेवा, मगच मशीनमध्ये घाला. जोडीला एक पाकीट पर्समध्ये असू द्या.