युरिक ॲसिड वाढलेले आणि प्रोस्टेटचाही त्रास: अहवाल कसा वाचावा, पाणी कसे प्यावे

साठीनंतर पुष्कळ पुरुषांच्या फाइलमध्ये दोन नोंदी शेजारी शेजारी दिसतात: रक्तातील युरिक ॲसिड (शरीरात तयार होणारा एक टाकाऊ पदार्थ) वाढलेले आणि प्रोस्टेट ग्रंथी (मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती असणारी पुरुषांची ग्रंथी) मोठी झालेली. युरिक ॲसिड ही प्रोस्टेटची तपासणी नव्हे. त्या आकड्यावरून ग्रंथीची वाढ किंवा कर्करोग ठरवता येत नाही. मात्र दोन्हींचा संबंध मूत्रपिंडाशी येतो. शरीरातील सुमारे दोन तृतीयांश युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर पडते आणि ग्रंथीमुळे लघवी दीर्घकाळ तुंबत राहिली, तर मूत्रपिंडावर दाब येऊन हा निचरा मंदावू शकतो. म्हणून युरिक ॲसिडचा आकडा क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या, आकड्याशेजारी ठेवूनच वाचावा.

डेसिलिटरमागे ६.८ मिलिग्रॅमच्या पुढे युरिक ॲसिडचे स्फटिक होण्याची शक्यता निर्माण होते. तरीही सांधेदुखी किंवा मूतखडा नसेल, तर केवळ वाढलेल्या आकड्यासाठी सहसा औषध लागत नाही. रक्तदाबासाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्या आणि कमी मात्रेतील ॲस्पिरिन यांमुळेही तो वाढतो. या गोळ्या मनाने बंद करू नयेत, पण त्यांची यादी डॉक्टरांना अवश्य दाखवावी.

सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती लघवी उरली, हे आवर्जून पाहून घ्यावे. तपासणीसाठी तासन् तास लघवी दाबून धरल्यास मूत्राशय ताणले जाते आणि उरलेली लघवी प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, म्हणून नेहमीइतकी लघवी लागताच तपासणी करून घ्यावी. युरिक ॲसिडचे खडे साध्या एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाहीत, हेही ध्यानात असावे.

खरी अडचण पाण्याची आहे. रात्री चार-चार वेळा उठावे लागते म्हणून माणूस दिवसभर पाणीच कमी पितो. लघवी दाट आणि आम्लधर्मी होते, आणि खड्यांना नेमके तेच पोषक ठरते. यावर उपाय वेळ बदलण्याचा आहे. दिवसाचे बहुतेक पाणी सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडे थोडे प्यावे, झोपण्यापूर्वीचे दोन-तीन तास मोजकेच घ्यावे आणि रात्रीचा चहा व मद्य टाळावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. तीन दिवस एक वही बाथरूमजवळ ठेवून प्रत्येक वेळेची नोंद करावी आणि मापाच्या भांड्यात लघवी मोजावी. ‘रात्री २.१०, १५० मिली, धार बारीक’ अशा ओळींवरून लघवी रात्री जास्त तयार होते की मूत्राशय नीट रिकामे होत नाही, याचा डॉक्टरांना चांगला अंदाज येतो.

सर्दीच्या काही गोळ्यांनी प्रोस्टेटच्या रुग्णाची लघवी अचानक अडू शकते, त्यामुळे त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत. लघवी पूर्ण अडली, किंवा त्रासासोबत थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. लघवीतून एकदा जरी रक्त गेले, तरी तपासणी लांबवू नये.