ऑइल बदललं आणि ॲव्हरेज पडलं? आधी या चुका तपासा

"साहेब, साडेतीन लिटरचा डबा. उरलेलं कुठं सांभाळत बसता? इंजिनातच ओतून टाकलं सगळं." गॅरेजमधल्या पोराने हे इतक्या आपुलकीने सांगितलं की मी मान डोलावली आणि पैसे देऊन निघालो. घरी आल्यावर बिल पाहिलं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल लिहिलंय, फिल्टरसकट ३.१ लिटर. बिलावर त्याहून जाड २०डब्ल्यू-५०. म्हणजे ऑइल चुकीचं, आणि तेही चारशे मिली जास्त! दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारल्यावर गाडी जड वाटली, आणि पुढच्या दोन टाक्यांना ॲव्हरेज खाली आलं.

गॅरेजवाल्याची नियत वाईट नव्हती. "आपल्याकडं ऊन किती, पातळ ऑइल टिकतंय होय?" हे त्याचं प्रामाणिक मत होतं. तेच मत आपल्यातल्या निम्म्या गाडीवाल्यांचंही असतं.

आधी अपेक्षा जागेवर आणू. ऑइल बदलून ॲव्हरेज लिटरमागे ३-४ किलोमीटरने वाढत नाही, तसं सांगणाऱ्याकडून काहीही विकत घेऊ नका. अमेरिकी सरकारच्या इंधनबचतीच्या माहितीत दिलेला हिशेब साधा आहे: ५डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात १०डब्ल्यू-३० घातलं तर ॲव्हरेज १ ते २ टक्क्यांनी घटतं. वर्षाला १०,००० किलोमीटर आणि १६ चं ॲव्हरेज धरलं तर ६२५ लिटर पेट्रोल लागतं. त्यातले २ टक्के म्हणजे साडेबारा लिटर. फार मोठी रक्कम नाही, पण योग्य ग्रेडचं ऑइल घ्यायला जे चार पैसे जास्त पडतात ते बरेचसे यातच वसूल होतात.

"जाड ऑइल म्हणजे जास्त संरक्षण"

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं, म्हणून इथे जरा थांबू.

५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑइल गार असताना किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती राहतो ते. १०० अंशाला ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) भरतं आणि ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. गार इंजिनात हा फरक आणखी वाढतो. ४० अंशाला साधारण २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० च्या अडीच पट तरी दाट असतं. ताक घुसळणं आणि काकवी घुसळणं यात हाताला जो फरक जाणवतो, तोच ऑइल पंपाला, पिस्टनला आणि बेअरिंगला जाणवतो. ती जादा मेहनत पेट्रोलमधूनच वसूल होते.

आता उन्हाचं. विदर्भातल्या मे महिन्यात बाहेर ४५ अंश असोत की महाबळेश्वरला डिसेंबरात १२, गरम झालेल्या इंजिनातलं पाणी थर्मोस्टॅट नावाची झडप ९० अंशांच्या आसपासच धरून ठेवते. ऑइलही त्याच्या मागे-पुढेच असतं. कंपनीने ग्रेड ठरवला तो या तापमानाचा हिशेब करूनच. उलट, "आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग तो पहिला आकडा बघायचा कशाला?" हे म्हणणंही चुकतं. ९० अंशांवर चालायला बनलेल्या इंजिनाला पुण्यातली २५ अंशांची सकाळसुद्धा गारच. ऑइल तापायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. घर ते शाळा, शाळा ते भाजी मंडई, अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते पुरतं तापतच नाही. त्यामुळे जाड ऑइलचा सर्वाधिक भुर्दंड शहरात थोडं थोडं चालवणाऱ्याला बसतो.

जुन्या गाड्यांच्या काळात जाड ऑइलच चालायचं, हात त्यालाच सरावले. आजच्या इंजिनात बेअरिंगमधली फट बारीक असते आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते. तिच्या बारीक वाटांतून दाट ऑइल वेळेवर पोचलं नाही तर पिकअप मंदावतो, कधी चेक इंजिनचा दिवाही लागतो.

मॅन्युअलमध्ये दोन-तीन ग्रेड दिलेले असतील तर निवडीला जागा आहे. रोजचं शहरातलं चालवणं असेल तर त्यातला पातळ घ्या. पाच माणसं आणि टपावर सामान घेऊन वारंवार घाट चढत असाल तर जाड घेण्यात चूक नाही.

मग आणखी पातळ घालू का?

नको. धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये ऑइलचा पापुद्रा लागतो. इंजिन ज्या दाटपणासाठी बनलं त्याच्या खाली गेलात की कमी वेगाला आणि जास्त लोडला तो पापुद्रा तुटतो आणि घर्षण कमी व्हायचं सोडून वाढतं. ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात ते छान चालतं. शेजाऱ्याच्या नव्या गाडीत चालतं म्हणून आपल्या १५ वर्षांच्या गाडीत घालू नये.

डिपस्टिक न बघता गॅरेज सोडणं

माझी दुसरी चूक. गाडी सपाट जागी लावली, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबलो, डिपस्टिक काढून फडक्याने पुसली, परत पूर्ण खोचली आणि मग काढली. ऑइलची रेघ वरच्या खुणेच्याही वर, जवळजवळ बोटाच्या एका पेराएवढी. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेमध्ये साधारण एका लिटरचं अंतर असतं, त्यावरून चारशे मिली म्हणजे किती ते समजा. इतकं जास्त भरलं की फिरणारा क्रँकशाफ्ट इंजिनखालच्या चेंबरमधल्या ऑइलला थापटायला लागतो. त्यात ताकद जाते, ऑइलला फेस येतो, आणि फेसाचं ऑइल पंपाला नीट ओढता येत नाही. काही गाड्यांत ते इंजिनच्या ब्रीदर नळीतून एअर फिल्टरपर्यंत पोचतं आणि मागून निळसर धूर दिसतो.

उपाय सोपा आहे: मोठी सिरिंज, तिला बारीक नळी, आणि डिपस्टिकच्याच नळीतून जादा ऑइल ओढून घ्यायचं. मी चाळीस मिनिटं ओट्यावर बसून हे केलं. बायकोने विचारलं, गाडीला सलाइन लावलंय का! ग्रेडचं दुखणं मात्र ऑइल पूर्ण बदलल्यावरच गेलं.

डिझेल गाडी बीएस-६ असेल तर एक वेगळी गोष्ट बघा. काहीच न घालता ऑइलची पातळी वाढत असेल तर आनंद मानू नका. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. छोट्या फेऱ्यांत ती सफाई अर्धवट राहिली की थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. गाडी अधूनमधून हायवेला मोकळी पळवा, आणि पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर ऑइल बदला. अशा गाडीत कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या एसीईए (युरोपी वाहन कंपन्यांची संघटना) सी-वर्गाचंच ऑइल घाला. नाहीतर राखेने डीपीएफ लवकर भरतो, सफाई वारंवार होते आणि डिझेल त्यातच जातं.

रंगावरून निदान

डिझेल गाडीत ऑइल घातल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण ते काजळी धरून ठेवतं. ते त्याचं कामच आहे. सीएनजीवाल्यांचं उलट होतं. गॅस स्वच्छ जळतो, ऑइल बराच काळ मधासारखं दिसतं, आणि "अजून चांगलंय की" म्हणून बदली पुढे ढकलली जाते. पण उष्णतेने ते आतून जुनं होत असतं, हळूहळू दाटही होतं. किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते धरा.

डब्यावर सिंथेटिक लिहिलंय एवढ्यावरही जाऊ नका. सिंथेटिकमध्येही जाड ग्रेड मिळतात. आधी ग्रेड, मग डब्यावरचा एपीआयचा, म्हणजे दर्जाचा वर्ग, ब्रँड त्यानंतर. आणि मोटारसायकलचं उरलेलं ऑइल कारमध्ये ओतू नका. तिचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, तो घसरू नये म्हणून घर्षण कमी करणारे घटक त्यात मुद्दाम टाळलेले असतात.

ऑइल बरोबर आहे, तरी ॲव्हरेज कमी

आधी नीट मोजा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच पंपावर पहिल्या कटपर्यंत टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, आणि असं सलग तीन टाक्या. १७ च्या ॲव्हरेजचा १ टक्का म्हणजे ०.१७. एका टाकीत तो दिसणारच नाही, एसी आणि ट्रॅफिक त्याला सहज गिळतात.

तीन टाक्यांनंतरही लिटरमागे दोन-तीन किलोमीटरचा फरक दिसला तर दोष ऑइलचा नाही. टायरची हवा बघा. दहा किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा, एखादंच जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून राहतोय.

आणि तापमानाचा काटा बघा. आमच्या शेजारच्या काकांची गाडी दोन वर्षं कमी ॲव्हरेज देत होती. ऑइल तीनदा बदललं, प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले. काटा मात्र हायवेवरसुद्धा एक तृतीयांशाच्या वर चढत नव्हता, आणि काकांना त्याचं कौतुक होतं, "गाडी तापतच नाही बघ." पूर्वी एकदा गाडी तापली तेव्हा मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकून दिला होता. तेव्हापासून इंजिन कायम गार, म्हणजे पेट्रोल जास्त आणि ऑइल दाट. नवा थर्मोस्टॅट बसवला, काटा मध्यावर येऊन थांबला. काका पहिले आठ दिवस तो काटा बघून घाबरत होते.