शाळेच्या मैदानात राजगड: नकाशावरून दिवाळीचा किल्ला

दिवाळीचा किल्ला मुलांना येतोच. विटा रचायच्या, गोणपाट टाकायचं, चिखल थापायचा, वर महाराज आणि पायऱ्यांवर मावळे. शाळेत करायचा असेल तर त्यात एकच बदल करा: मनातला किल्ला करू नका, एकच खराखुरा गड निवडून नकाशावरून करा. मग दरवाजा इथेच का, तळं तिथेच का, हे प्रश्न मुलं आपणहून विचारतात.

गड कुठला घ्यायचा? जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे 12 किल्ले आले. त्यांतले 11 महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. चिखलमातीच्या कामाला त्यांतला राजगड उत्तम. मध्ये उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या (बालेकिल्ल्याखालचे तटबंद सपाट भाग), त्यामुळे गट आपोआप पडतात. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास असतो आणि सातवीच्या भूगोलात समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, येतात. या दोन वर्गांची जोडी लावा.

वेळेचं गणित आधी बसवा. सुट्टी लागायच्या दहा दिवस आधी पाया पडला पाहिजे, म्हणजे सहामाहीच्या पेपरांशी टक्कर होणार हे धरूनच चाला. परतीच्या पावसासाठी ताडपत्री जवळ असू द्या.

भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 नकाशा घ्या. त्यावर 1 किलोमीटर म्हणजे 2 सेंटीमीटर. तो 25 पट मोठा केला की 1 किलोमीटरला 50 सेंटीमीटर पडतात आणि साधारण 6 फूट बाय 6 फूट जागेत गड मावतो. नकाशावर चौकटी आखा, तेवढ्याच चौकटी जमिनीवर फक्कीने आखा आणि एकेक चौकट पाहून रेषा उतरवा. हे सातवीचं काम. उंचीला मात्र दुप्पट प्रमाण घ्या, 100 मीटरला 10 सेंटीमीटर. नाहीतर डोंगर चपटा दिसतो. उंची वाढवली आहे हे पाटीवर लिहाच.

साहित्य: दीडशेच्या आसपास विटा किंवा दगडगोटे, 6-7 तागाची गोणपाटं, 20 पाट्या माती. तीन पाट्या तांबड्या मातीला एक पाटी वाळू आणि दोन मुठी बारीक भुसा हे मिश्रण चांगलं धरतं. नुसती काळी माती वापरू नका. वाळताना ती आकसते आणि दोन दिवसांत तटाला बोटभर भेगा पडतात.

बालेकिल्ल्यापासून सुरुवात करा आणि बाहेर सरका. कडेपासून सुरू केलं तर मधे हात पोचत नाही आणि कोणीतरी माचीवर पाय देतं. गोणपाट पातळ चिखलात बुडवूनच विटांवर पसरा. कोरडं गोणपाट वरच्या चिखलातलं पाणी शोषून घेतं आणि सगळा थर पापुद्र्यासारखा सुटतो.

मुलं डोंगर हमखास भाताच्या मुदीसारखा करतात. सह्याद्री तसा नाही. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो झाला आहे, म्हणून कडा, मग सपाटी, पुन्हा कडा, असा तो चढतो. कड्यांच्या जागी चपटे काळे दगड उभे रोवा. तट कुठे भक्कम हवा आणि कुठे कडाच पुरे, हे मग मुलांना सांगावं लागत नाही.

संजीवनी माचीला जास्त वेळ द्या. तिथे एकाआड एक अशी दुहेरी तटबंदी आहे. मुलांना दोन समांतर भिंती करायला लावा, मधे बोटभर फट ठेवा आणि विचारा: बाहेरचा तट शत्रूने घेतला, तर तो आता कुठे अडकला? सुवेळा माचीवर कातळातलं आरपार नेढं आहे. त्यासाठी ओल्या मातीतच पेन्सिल घालून फिरवा, वाळल्यावर भोक पाडायला गेलात तर कडा तुटतो. पाली, गुंजवणे आणि आळू हे दरवाजे आणि पद्मावतीवरचं तळं खुणेच्या काड्यांनी दाखवा. तळं खोदण्याआधी झारीने वरून पाणी सोडा आणि ते कुठे जमतं ते पाहू द्या.

हिरवळीसाठी अळीव. तासभर भिजवलं की ते बुळबुळीत होतं. बारीक मातीत कालवून उतारावर लिंपलं तर घसरत नाही. कोरडं बी भुरभुरवलं तर सगळं पायथ्याशी जाऊन उगवतं. प्रदर्शनाच्या सहा दिवस आधी लावा. पाणी हाताने शिंपडा, मगने ओतू नका. कड्यांवर अळीव नको.

मावळ्यांची गंमत मुलांकडूनच काढून घ्या: उंचीच्या या प्रमाणात कुंभाराकडचा 3 इंचांचा मावळा खरा धरला, तर तो 75 मीटरांहून उंच होतो! म्हणून मावळे गडावर नकोत, पायथ्याशी मांडा. सिंहासनावरची मूर्तीही इथे बसत नाही, कारण 1674 चा राज्याभिषेक रायगडावर झाला. राजगड त्याआधीची राजधानी. आग्र्याहून सुटून 1666 मध्ये महाराज आले ते इथे.

माहिती सांगायला एकच हुशार मूल उभं करू नका. ज्या गटाने जी माची केली, तिची माहिती त्याच गटाने द्यावी. पाठ केलेलं भाषण नको, पाहुण्यांनी प्रश्न विचारावेत.

सुट्टीनंतर लगेच किल्ला उतरवा. गोणपाटं ओली राहिली तर कुजतात आणि खाली वाळवी लागते. विटा धुऊन ठेवा, माती शाळेच्या बागेत टाका. जमिनीवरच्या चौकटींचा कागद मात्र जपा, पुढच्या वर्षी दुसरा गड घ्यायचा असला तरी त्याच आखणीवर काम होतं.