एमएसमध्ये विचारांचा वेग मंदावतो आहे का, हे कसे ओळखावे

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) या मेंदू व मज्जारज्जूच्या दीर्घकालीन आजारात रुग्णाचा पाय अडखळू लागला की ते सर्वांना दिसते. विचार अडखळू लागले, तर ते बराच काळ कोणाच्याच लक्षात येत नाही. शार्को या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकातच अशा रुग्णांची मंदावलेली स्मृती आणि आकलन नोंदवले होते, आणि आजच्या अंदाजानुसार सुमारे निम्म्या रुग्णांना केव्हा ना केव्हा ही अडचण येते. हा ऱ्हास बहुधा संथ असतो, त्यामुळे आधी स्थिती कशी होती याची नोंद हाताशी नसेल, तर आजच्या स्थितीवरून फारसे काही ठरवता येत नाही.

म्हणून निदानानंतर शक्य तितक्या लवकर एसडीएमटी (सिम्बल डिजिट मोडॅलिटीज टेस्ट) ही चाचणी करून घ्यावी आणि ती दरवर्षी पुन्हा करावी. चिन्हे व अंक यांच्या जोड्या समोर ठेवून 90 सेकंदांत किती चिन्हांचे अंक बरोबर सांगता येतात, एवढेच तीत पाहतात. परंतु एमएसमध्ये सहसा माहिती हाताळण्याचा वेगच आधी घटत असल्याने ही साधी चाचणी उपयुक्त ठरते. हात थरथरत असेल तर उत्तरे तोंडी द्यावीत, आणि दरवर्षी तीच पद्धत ठेवावी. घरी सराव करून जाण्याचा मोह टाळावा, कारण सरावाने वाढलेले गुण खरी घट झाकतात. रीलॅप्स, म्हणजे आजार नव्याने उफाळलेला काळ, चालू असताना मोजलेले गुण वार्षिक तुलनेसाठी धरू नयेत. त्या काळातली घट डॉक्टरांना मात्र अवश्य सांगावी.

दोन चाचण्यांच्या मधल्या काळात वही ठेवावी. ‘विसरभोळेपणा वाढला’ असे मोघम लिहिण्यापेक्षा, दोन माणसे एकदम बोलू लागली की संभाषणाचा धागा सुटतो का, मध्येच फोन आल्यावर हातातले काम पुढे सुरू करता येते का, महिन्याच्या हिशोबाला पूर्वीपेक्षा किती अधिक वेळ लागतो, हे तारखेसह लिहावे. भाषा बहुधा शाबूत राहते, त्यामुळे अस्खलित बोलण्यावरून सारे ठीक आहे असे मानू नये. रुग्णाने आणि जवळच्या व्यक्तीने वेगवेगळ्या नोंदी ठेवलेल्या बऱ्या, कारण निराश मनाला आपली घट आहे त्याहून मोठी वाटते, तर घट फार झालेल्याला ती कित्येकदा जाणवतच नाही.

गुण उतरले म्हणून लगेच मेंदूची झीज वाढली असे समजू नये. नैराश्य, थकवा, अपुरी झोप, उष्मा, मूत्रमार्गाचा संसर्ग, तसेच लघवीच्या घाईसाठी दिलेली ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधे यांनीही बुद्धी मंदावते, आणि यातले बरेच काही सुधारता येते. औषध मात्र स्वतःहून बंद करू नये. ही कारणे तपासूनही घट टिकून असेल, तर वही आणि मागील सर्व गुण घेऊन न्यूरोलॉजिस्टला भेटावे, नवा एमआरआय व चालू उपचारांचा फेरविचार आवश्यक आहे का हे विचारावे आणि बौद्धिक पुनर्वसनासाठी तज्ज्ञाकडे पाठवण्याची विनंती करावी. स्मृती वाढवण्याच्या गोळ्यांचा आग्रह धरू नये, कारण अल्झायमरमध्ये दिल्या जाणाऱ्या डोनेपेझिल या औषधाचाही मोठ्या चाचणीत एमएसच्या रुग्णांना लाभ दिसला नाही.